गाठ दाबू नका, दाखवा



धार काढायला बसलेल्या बाईच्या हाताला गाईच्या कासेचा एक भाग कडक लागला, की तिला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही. "गाईला दगडी झाली," असे ती उठता उठताच घरात ओरडून सांगते. डॉक्टर या रोगाला कासदाह म्हणतात, आपण दगडी म्हणतो, आणि आपल्या नावातच रोगाची खूण आहे. मऊ असायला हवे ते दगडासारखे झाले, म्हणजे आत काहीतरी बिघडले. अढीतले पिकलेले आंबे अंधारात हाताने वेचणारी आजी, मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही ते सांगणारा शेतकरी, झाडावरचे सीताफळ हलकेच चेपून पाहणारे पोर, ही सगळी माणसे एकच विद्या वापरतात. बोटांनी कडकपणा ओळखण्याची ती विद्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

वैद्यकातही ती तितकीच जुनी आहे. डॉक्टर पोटावर हात ठेवून तपासतात तेव्हा तेच करीत असतात. आज या विषयावर लिहायचे कारण म्हणजे एका भगिनीचे पत्र. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ती पाळून पत्रातला मजकूर देतो.

"माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. न्हाऊ घालताना त्याच्या डाव्या बरगडीखाली हाताला टणक लागले. सासूबाई म्हणाल्या, पाणथरी वाढली असेल. शेजारच्या काकूंनी दाबून पाहिले, चुलत सासऱ्यांनी पाहिले, गावात पोट चोळणाऱ्या एक आजी आहेत त्यांनी तेल लावून दोन दिवस चोळले. पोराला काही दुखत नव्हते, खेळत होता. मालक म्हणाले, कापसाची वेचणी आटपू दे, मग नेऊ. पण चौथ्या दिवशी लघवी लालसर झाली आणि मी भ्याले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पहिले वाक्य बोलले ते असे, की आजपासून या पोटाला घरच्या कोणी हात लावायचा नाही. आता आम्हाला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले आहे. गाठ किती कडक आहे ते मोजणारी एक नवी सोनोग्राफी असते असे तिथून येऊन गेलेल्या एकाने सांगितले. न दाबता कडकपणा कसा मोजतात? ती तपासणी केली तर सुई टोचून तुकडा काढावा लागणार नाही का? आणि आम्ही इतके दाबले, चोळले, त्याने काही वाईट तर झाले नसेल ना?"

तिसरा प्रश्न शेवटी लिहिला आहे, पण सगळे पत्र त्याच्यासाठीच लिहिले गेले असावे असे मला वाटते. पत्रात फोन नंबर होता. उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून पत्र वाचले त्याच दिवशी ताईंना फोन केला आणि वेचणी राहू द्या, उद्याची गाडी पकडा एवढेच सांगितले. बाकीचे आता सविस्तर लिहितो, कारण हे पत्र उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरातून येऊ शकते.

न दाबण्याचे कारण

लहान मुलाच्या पोटात एका बाजूला टणक गोळा लागला तर तो अनेक प्रकारचा असू शकतो. पाणथरी, म्हणजे प्लीहा, खरोखरच वाढलेली असेल. लघवीची वाट अडून मूत्रपिंड पाण्याने फुगले असेल. आणि कधी कधी तो कर्करोगही असतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत पोटाच्या अशा गाठी दोन प्रकारच्या विशेष आढळतात. एक मूत्रपिंडातच वाढते. तिला विल्म्सची गाठ म्हणतात, कारण माक्स विल्म्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९९ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. दुसरी बहुधा मूत्रपिंडाच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथीतून, मज्जातंतूंच्या कच्च्या पेशींपासून वाढते. तिचे नाव न्यूरोब्लास्टोमा.

विल्म्सच्या गाठीभोवती पातळ आवरण असते. गाठ झपाट्याने वाढते तसे ते आवरण ताणले जाते. त्यावर जोराने दाब पडला, चोळले गेले किंवा मूल पोटावर पडले, तर ते फाटू शकते. फुलावर आलेले गाजरगवत उपटून झटकले तर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. एका झाडाचे बी रानभर होते. इथेही तसेच. आवरण फाटले की आतल्या पेशी पोटात सांडतात आणि मग डॉक्टर त्या रोगाला वरच्या, म्हणजे तिसऱ्या पायरीचा धरतात. जिथे ऑपरेशन आणि थोडी औषधे पुरली असती तिथे जास्त औषधे आणि बहुधा पोटावर किरणांचा उपचारही द्यावा लागतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिले वाक्य ते का बोलले, हे आता ध्यानात येईल. मोठ्या रुग्णालयांतही अशा मुलाच्या पोटाला विद्यार्थ्यांनी उगाच हात लावू नये असा दंडक असतो.

गाठ कडक का होते?

आपले मांस म्हणजे नुसत्या पेशींचा ढीग नसतो. भिंतीच्या मातीत गवत किंवा ताग कालवतात, तसे पेशींच्या मधून कोलाजेन नावाचे चिवट धागे गेलेले असतात. गाठ वाढू लागली की पेशींची गर्दी होते, बऱ्याच गाठींत हे धागे दाट होतात, आणि पाणी बाहेर पडायला वाट न राहिल्याने आतला दाब वाढतो. या तिन्हींमुळे ती जागा कडक लागते.

हा कडकपणा रोगाची नुसती खूण नसते, तो उपचारालाही आडवा येतो. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट झाली की खाली एक कठीण थर बसतो. वरून कितीही पाणी सोडा, ते मुळांपर्यंत उतरत नाही. कडक गाठीत बारीक रक्तवाहिन्या अशाच चेपल्या जातात, आणि शिरेतून सोडलेले औषध गाठीच्या मध्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून गाठ किती मोठी एवढेच पाहून भागत नाही. ती किती कडक, कुठे कडक, आणि उपचाराने तिच्यात फरक पडतो का, हे पाहण्याची धडपड शास्त्रज्ञ करीत आहेत.

न दाबता मोजतात कसे?

१९९१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीने कडकपणाचे चित्र काढायची रीत मांडली. अगोदर एक चित्र घ्यायचे, मग किंचित दाबून दुसरे घ्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायची. मऊ भाग दबतो, कडक भाग तसाच राहतो. या तपासणीला इलॅस्टोग्राफी असे नाव पडले.

पण त्यात थोडे का होईना दाबावे लागे, आणि कोण किती दाबतो यावर उत्तर बदले. पुढे दाबण्याऐवजी लहर वापरायची युक्ती निघाली. ती समजायला द्राक्षबागेत जाऊ. मांडवाची तार ढिली असेल आणि एका टोकाला टिचकी मारली, तर लहर रेंगाळत दुसऱ्या टोकाला जाते. तीच तार करकचून ताणली तर टिचकी मारताच लहर सणकन पलीकडे पोहोचते. शरीरातही असेच होते. मऊ मांसात लहर हळू जाते, कडक मांसात वेगाने जाते. लहरीला किती वेळ लागला ते मोजले, की कडकपणा कळला.

टिचकी मारायचे काम आवाज करतो. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर नुसता टेकवायचा. त्यातून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज एका बिंदूवर एकवटून सोडला, की आतले मांस केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलते. तिथून आडव्या दिशेने लहर निघते, आणि तेच यंत्र सेकंदाला हजारो चित्रे काढून तिचा पाठलाग करते. पॅरिसमध्ये मॅथियास फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे शीघ्र चित्रांचे तंत्र प्रसिद्ध केले.

या लहरीचा वेग मोठा गमतीचा आहे. साधा आवाज शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. ही आडवी लहर मात्र मऊ मांसात सेकंदाला एखाद-दोन मीटरच जाते, म्हणजे माणूस शेताच्या बांधावरून चालतो तितकी. कडक मांसात ती धावू लागते. वेग दुप्पट झाला तर कडकपणा चौपट धरतात. तो किलोपास्कल या मापात सांगतात. सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे सुमारे ३ किलोपास्कल, २ मीटर म्हणजे १२. निरोगी यकृत साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास असते. यकृत निबर होऊन गेले की हाच आकडा १२-१३ च्या वर जातो.

तिसरी रीत एम.आर.आय.ची. १९९५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ती मांडली. अंगावर एक छोटी चकती बांधतात, ती यकृतासाठी सहसा सेकंदाला ६० वेळा हलकेच थरथरते, आणि त्या थरथरीच्या लहरी एम.आर.आय.च्या चित्रात पकडतात. यात खोलवरची गाठही अख्खी दिसते. पण लहान मूल त्या बोगद्यात निश्चल पडून राहत नाही, त्याला बहुधा गुंगी द्यावी लागते. सोनोग्राफी मात्र आईच्या मांडीवरही होते. दोन्हींत सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत आणि दुखत तर मुळीच नाही.

कडक म्हणजे कर्करोगच का?

नाही. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, आणि सगळ्यांनीच ते लक्षात ठेवावे.

पुष्कळ घातक गाठी कडक असतात हे खरे. पण साध्या गाठीही कडक असू शकतात. जुना व्रण भरून आलेली जागा कडक असते. उलट कर्करोगाची एखादी गाठ मध्ये कुजून मऊ झालेली असते. मेंदूच्या गाठींनी तर शास्त्रज्ञांनाही विचारात पाडले. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली उंदरांच्या मेंदूतील गाठी या रीतीने तपासल्या, तेव्हा त्या आजूबाजूच्या निरोगी मेंदूपेक्षा मऊ निघाल्या. म्हणजे कडक तेवढे वाईट आणि मऊ तेवढे चांगले, असा सरळ हिशेब नाही.

आणखी अडचणी आहेत. मूल रडले, श्वासाबरोबर पोट हलले तर आकडा बदलतो. प्रोब जोरात टेकला तर मांस उगाच कडक दिसते. पाण्याने भरलेल्या गाठीत ही आडवी लहर चालतच नाही. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी तंतोतंत जुळेल असे नाही. पडद्यावर रंगीत चित्र येते त्याचेही तसेच. काही यंत्रांवर लाल म्हणजे कडक, तर काहींवर नेमके उलटे. तेव्हा चित्रात लाल डाग दिसला म्हणून आई-बापांनी तिथेच ऊर बडवू नये. तो रंग म्हणजे निकाल नव्हे.

मग सुई टळेल का? कडकपणाच्या आकड्यावरून टळत नाही. शेताची माती हातात घेऊन तुम्ही ती काळी की मुरमाड, भुसभुशीत की चिकट, हे अचूक सांगाल. पण तिच्यात स्फुरद किती आणि पालाश किती, हे माती परीक्षणाला पाठवल्याशिवाय कळत नाही. बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हे शरीराचे माती परीक्षण आहे. कडकपणाचा नकाशा तिथे मदत मात्र करू शकेल. सगळे शेत एकसारखे नसते म्हणून नमुना कुठून घ्यायचा याला महत्त्व असते. तसेच गाठीचा मेलेला भाग सोडून जिवंत भागातून तुकडा काढायला असा नकाशा उपयोगी पडावा, अशी आशा आहे.

प्रत्येक गाठीत सुई घालतातच असेही नाही. मूत्रपिंडाच्या गाठीत युरोपात बहुधा आधी चार ते सहा आठवडे औषधे देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात. अमेरिकेत शक्य असेल तिथे आधी ऑपरेशन करतात. न्यूरोब्लास्टोमात लघवीच्या तपासणीतूनही माग लागतो, यकृताच्या एका गाठीत रक्तातून लागतो. तुमच्या मुलासाठी कोणती वाट घ्यायची हे तिथले डॉक्टर सगळे पुरावे जुळवून ठरवतील. कडकपणा हा त्यातला एक साक्षीदार आहे. निवाडा त्याच्या एकट्याच्या साक्षीवर होत नाही.

आज या तपासणीचा पक्का उपयोग यकृतासाठी होतो. कर्करोगाच्या काही औषधांनी किंवा अस्थिमज्जा बदलल्यानंतर कधी कधी मुलाच्या यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात आणि यकृत फुगून कडक होते. पोट फुगण्याआधीच हा धोका ओळखायला कडकपणा मोजण्याचा उपयोग होऊ लागला आहे. मुलांच्या गाठींबाबत मात्र पुष्कळसे काम अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्या रुग्णालयात तुम्ही जाल तिथे ही तपासणी नसली तरी उपचार अडत नाही. तिच्या शोधात या शहरातून त्या शहरात फिरून आठवडे घालवू नका. साधी सोनोग्राफी, सी.टी. किंवा एम.आर.आय. आणि तुकड्याची तपासणी यांवर हजारो मुले बरी झाली आहेत.

गाठ मऊ झाली, आता कशाला?

हाताची फसगत आणखी एका ठिकाणी होते, आणि ती पहिलीइतकीच महागात पडते. औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत पोट मऊ पडते. जिथे दगड लागत होता तिथे हाताला काहीच लागत नाही. मूल खेळू लागते, जेवू लागते. मग घरात कोणीतरी म्हणते, "गाठ विरघळली. कशाला आता पुन्हा मुंबईच्या खेपा? गाडीभाडे, राहणे, बुडालेली मजुरी." आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. हाताला गाठ लागत नाही याचा अर्थ आत एकही पेशी उरली नाही असा होत नाही. हरळी वरून कापली तर रान स्वच्छ दिसते, पण मुळी जमिनीत असते. पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते, आणि दुसऱ्यांदा आलेला रोग पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

याच्या उलटही घडते. न्यूरोब्लास्टोमात उपचार संपल्यावर कधी कधी टणक गोळा शिल्लक राहतो. तो जिवंत रोग आहे की नुसता निरुपद्रवी, निबर झालेला वण, हे आकारावरून सांगता येत नाही. कडकपणाच्या चित्रांवर शास्त्रज्ञ मेहनत घेतात त्याचे एक कारण हेच. औषध लागू पडते की नाही हे गाठ लहान होण्याची वाट न पाहता आधीच कळले, तर न मानवणारे औषध लवकर बदलता येईल, आणि मुलाच्या कोवळ्या अंगाला विनाकारण सोसावे लागणार नाही. तो दिवस यायचा आहे. तोवर डॉक्टरांनी दिलेली तारीख हीच खरी. पेरणी असो, सुगी असो, ती तारीख चुकवायची नाही.

घरच्यांनी काय करावे?

मुलाच्या पोटात, मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ लागली आणि ती कमी होत नसेल, तर एकदा लागली तेवढे पुरे. दहा जणांना दाबून पाहायला देऊ नका. तेल चोळू नका, बिब्बा घालू नका, डाग देऊ नका. मुलाला पोटावर पडू देऊ नका. मुलाला दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण अशा गाठी पुष्कळदा दुखतच नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पोटाची गाठ असेल तर आठवडाही नको, त्याच दिवशी निघा.

आणखी काही खुणा सांगून ठेवतो. लघवीतून रक्त जाणे, डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसणे, मार न लागता डोळ्यांभोवती काळेनिळे होणे, रोज सकाळी डोके दुखून उलटी होणे, विनाकारण लंगडणे, मूल पांढरेफटक पडणे आणि अंगावर जांभळे डाग उठणे. यातली प्रत्येक खूण कर्करोगाचीच असते असे नाही, बहुतेक वेळा ती दुसऱ्याच साध्या कारणाने असते. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

गावात आशाताई आहेत, अंगणवाडी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासायला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मोठ्या उपचारासाठी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले आणि तिथे लहान मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर इथेही कर्करोगाची रुग्णालये आहेत. तुमच्या मुलासाठी कोणते योग्य, हे जिल्ह्याच्या डॉक्टरांना विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. जमीन गहाण टाकण्याआधी त्याच्याशी बोला.

खर्चाचे आणि खेपांचे भय मला कळते. पण त्या बदल्यात काय मिळते तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या दर १०० मुलांपैकी ८० हून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे. २०३० पर्यंत जगात सगळीकडे निदान ६० मुले तरी वाचावीत असा संकल्प या संघटनेने २०१८ साली सोडला, आणि त्यासाठी निवडलेल्या सहा रोगांत विल्म्सची गाठ आहे. ही गाठ तर बऱ्या होणाऱ्या रोगांतली आहे. वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तिथे १०० पैकी ८५ ते ९० मुले वाचतात. आपली मुले मागे पडतात ती बहुधा दोन ठिकाणी. आपण उशिरा पोहोचतो आणि आपण लवकर परततो.

आता ताईंचा तिसरा प्रश्न.

ताई, चोळण्याने धोका होता हे मी लपवत नाही. पण तो तुम्हाला ठाऊक नव्हता, आणि तेल चोळणाऱ्या आजींनाही नव्हता. त्यांनीही पोराच्या मायेपोटीच केले. त्यांच्यावर राग धरू नका, त्यांना हे पान वाचून दाखवा, म्हणजे पुढच्या पोराचे पोट त्या चोळणार नाहीत. परवा तुमचा फोन आला, आणि तुम्ही होकार दिलात म्हणून वाचकांना सांगतो. गाठ मूत्रपिंडाची निघाली. चित्रात ती फुटलेली दिसत नाही असे डॉक्टर म्हणाले. औषधे सुरू झाली आहेत. ऑपरेशन पुढे आहे, आणि त्याआधी कोणी काही वचन देऊ शकत नाही. वेचणीसाठी तुमचे दीर थांबले आणि मालक तुमच्याबरोबर दवाखान्यात आहेत हे ऐकून बरे वाटले.

आणि तुमच्या हाताला दोष देऊ नका. कोणत्याही यंत्राच्या आधी ती गाठ न्हाणीघरात तुमच्याच हाताला लागली. हाताने एकदा सांगितले, त्याचे काम झाले. पुढचे मोजमाप यंत्रांना आणि डॉक्टरांना करू द्या. तुमचा हात आता पोराच्या डोक्यावरून फिरू दे. औषधांनी केस गळतील, घाबरू नका. ते पुन्हा येतात.